आठ लाल रेघा

माझ्या स्नोबोर्डाला आठ स्क्रू आहेत. चार पुढच्या पायाचे, चार मागच्या. बूट अडकवायची जी बैठक असते, जिला बाइंडिंग म्हणतात, तिच्यातली पायाखालची फोमची गादी उचलली की प्रत्येक स्क्रूच्या माथ्यावरून खालच्या चकतीवर उतरलेली एकेक बारीक लाल रेघ दिसते. गुलमर्गला दरवर्षी कोणीतरी विचारतंच, की ही कुठल्या कंपनीची खूण? मी सांगते, कंपनी बरकतपुऱ्यातली आहे, हैदराबादला. विचारणारा मान डोलावतो आणि मोबाइलवर शोधायला लागतो. त्याला काही सापडत नाही, आणि मला त्यात दुष्ट आनंद होतो.

ती नेलपॉलिश आहे. ती लावणारा माणूस तेव्हा बाहत्तर वर्षांचा होता आणि बर्फ त्याने फक्त उसाच्या रसात पाहिला होता.

ते माझे घरमालक. त्यांना आणि त्यांच्या बायकोला मी काका-काकू म्हणते. मी पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आले तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घेतल्या म्हणणं सोपं आहे. त्यांनी मला आधी नळ बंद करायला लावला. मी बंद केला. त्यांनी तो उघडला, पुन्हा बंद करायला लावला. असं तीनदा झाल्यावर ते काकूंकडे वळून म्हणाले, "पिळत नाही पोरगी. चालू दे सध्या." वॉशरचा गळा दाबणारे भाडेकरू त्यांना खपत नसत, हे मला पुढे कळलं. त्यांच्या मते माणसाची सगळी परीक्षा त्या एका नळावर होत होती.

'चालू दे सध्या' ही त्यांची सगळ्यात वरची पदवी. कुकटपल्लीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी इन्स्पेक्शनमध्ये काढली होती. तयार माल तपासायचा आणि पास नाहीतर रिजेक्ट करायचा, एवढंच काम. निवृत्त झाल्यावर रिजेक्ट हा शब्द ते घरी घेऊन आले, पास मात्र तिकडेच ठेवून आले. दूधवाल्याचं दूध, शेजाऱ्यांनी आपल्या मुलीसाठी बघितलेलं स्थळ, महापालिकेने बसवलेलं गटाराचं झाकण, सगळ्यांवर त्यांचा शेरा तयार असे. स्वतःच्या जावयाबद्दल लग्नाला अकरा वर्षं झाल्यावरही ते 'चालू दे सध्या' असंच म्हणत. काकूंच्या मिरचीच्या सालनालाही तेच. काकू म्हणायच्या, बेचाळीस वर्षं झाली, मी अजून प्रोबेशनवरच आहे.

आणि रेघा. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावरून, स्क्रूवरून, झाकणावरून खालच्या भागापर्यंत एक लाल रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि लांबूनच कळतं. कारखान्यात त्यासाठी वेगळा रंग मिळायचा. घरी त्यांनी नेलपॉलिशवर भागवलं होतं. गॅसच्या रेग्युलेटरवर रेघ, पंख्याच्या दांड्यावर रेघ, स्कूटरच्या चाकांवर, कुकरच्या मुठीवर, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर. सकाळी चहाच्या आधी ते घरभर फिरून रेघा बघत. बाटली संपली की हिमायतनगरला एका बांगड्यांच्या दुकानात जात आणि तीच छटा मिळाली का हे बघायला स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर लावून बाहेर उन्हात येत. त्यामुळे त्यांचा डावा अंगठा कायम लाल. बँकेत, दवाखान्यात, लग्नात लोक त्या अंगठ्याकडे बघत आणि मग त्यांच्या मिशांकडे. त्यांना त्याचं काही नव्हतं. काकूंनी मात्र आयुष्यात नेलपॉलिश लावली नाही. घरात एवढी दिसते तेवढी पुरे, म्हणायच्या.

रेघ फक्त काकाच ओढत. गॅसवाल्याने रेग्युलेटर बदलला तरी काका घरी येईपर्यंत काकू गॅस पेटवत नसत. मी एकदा मदत म्हणून बाटलीला हात लावला तर त्यांनी ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली. रेघ म्हणजे सही, म्हणाले. ज्याने बघितलं त्यानेच ओढायची.

आता माझ्या बोर्डाकडे येते. ऑफिसातला आमचा सहा जणांचा गट दर हिवाळ्यात गुलमर्गला जायचा. मी पहिल्यांदा गेले ती एका सोडून चाललेल्या सहकाऱ्याचा जुना बोर्ड घेऊन. खालच्या, दाबून सपाट केलेल्या उतारावर मी बरी होते. चौथ्या दिवशी वरती ताजा बर्फ पडला. भुसभुशीत, न दाबलेला, ज्याला तिकडे सगळे पावडर म्हणतात आणि ज्याच्यासाठी जगभरातून लोक तिथे येतात. आमचा काश्मिरी गाइड सगळ्यांना वर घेऊन गेला. मी पहिल्याच वळणावर बोर्डाचं नाक बर्फात खुपसलं, उलटी झाले आणि कमरेपर्यंत गाडली गेले. गाइडने मला हातांनी उकरून काढलं. तो चांगला माणूस होता, पण त्याने स्पष्ट सांगितलं, मॅडम, आप नीचे ही रहिए. उरलेले दोन दिवस मी खाली लहान मुलांमध्ये घसरत काढले. बाकीचे पाच जण संध्याकाळी लाल गालांनी परत यायचे आणि वरच्या गोष्टी सांगायचे. मला रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग. मला वर जायचं होतं. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं.

परत आले तेव्हा काका जिन्यातच भेटले. बोर्ड बघून हे काय, विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं की का बुडलीस, आणि मी म्हणाले, पावडर होती.

"कशाची?" ते म्हणाले. "टाल्कमची का हळदीची?"

त्यांनी एक वही काढली. माझं वजन किती, बुटांसकट किती, बर्फ मुठीत दाबला तर गोळा होतो का सांडतो, उतार किती, आधी नाक बुडालं का शेपूट. मी आयटीतली, मला वाटलं होतं प्रश्न विचारणं माझा धंदा आहे. त्यातल्या निम्म्या प्रश्नांना मी 'माहीत नाही' म्हटलं आणि त्यांनी प्रत्येक 'माहीत नाही' व्यवस्थित लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी ते मला घेऊन भुवनगिरीच्या पुढे गेले. तिथे त्यांच्या कारखान्यातल्या एका जुन्या मित्राची भातगिरणी होती. गिरणीच्या मागे साळीच्या तुसाचा ढीग होता, दुमजली घराएवढा. सोनेरी, हलका, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत.

"तूस म्हंजे बर्फ नै, ते मला कळतंय," काका म्हणाले. "पन बुडायचा कायदा एकच. चढ हल्लू हल्लू."

मी चढले. जॅकेट, बूट, डोक्यावर हेल्मेट, हैदराबादच्या उन्हात. गिरणीतले लोक काम टाकून ओळीने बसले. मी उभी राहिले, झुकले, आणि बरोबर गुलमर्गसारखीच नाकावर गेले. तूस कॉलरमधून आत गेलं ते आठवडाभर खाजत होतं. गिरणीवाल्यांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. काका हसले नाहीत. ते ढिगाजवळ उकिडवे बसून नाकाने पाडलेला खड्डा टेपने मोजत होते.

मला चार वेळा चढवल्यावर त्यांनी निकाल दिला. हा बोर्ड आखूड आहे, दोन्हीकडून सारखाच आहे, आणि मी अगदी त्याच्या मधोमध उभी राहते. असा बोर्ड कसरती करायला ठीक. बुडणाऱ्या मालावर पुढचा भाग रुंद आणि वर वळलेला हवा, मागचा अरुंद हवा, म्हणजे शेपूट खाली बसेल आणि नाक आपोआप वर राहील. लांबीही चार बोटं जास्त हवी. आणि पाय मागे. मी थक्क झाले. घरी येऊन इंटरनेटवर वाचलं तर पावडरच्या बोर्डाबद्दल जाणकारांनी लिहिलेलं जवळजवळ हेच होतं. मी त्यांना ते दाखवायला गेले तर म्हणाले, त्यांनी काय तूस वापरलं होतं?

बोर्ड निवडणं हा एक वेगळाच सोहळा झाला. जुने बोर्ड विकणारे शहरात असतात हे मला माहीत होतं, पण त्यांच्या दारात मी काकांना घेऊन जाणार हे त्यांना माहीत नव्हतं. काका बोर्ड उभा धरत, त्यावर दोरा ताणून वाक आहे का बघत, मग दोन रुपयांचं नाणं घेऊन नाकापासून शेपटापर्यंत टकटक करत जात. आतले थर कुठे सुटले असतील तर तिथे आवाज बसका येतो. पहिला बोर्ड दिसायला देखणा होता. मागच्या टोकाला आवाज बसका आला. रिजेक्ट. दुसऱ्याची कड एका जागी बाहेर आली होती. रिजेक्ट. दुसऱ्याचा मालक वाद घालायला लागला तेव्हा काकांनी त्याच्या हातात नाणं दिलं आणि स्वतः ऐकायला सांगितलं. तिसरा बोर्ड फिकट हिरवा, जरा ओरखडलेला, रुंद नाकाचा. त्यावर त्यांनी तीनदा नाणं वाजवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, चालू दे सध्या.

मग कुठला पाय पुढे हे ठरवायचं होतं. त्यासाठी माणसाला बेसावध असताना मागून धक्का द्यायचा आणि तोल सावरायला कुठला पाय पुढे येतो ते बघायचं, हे मीच त्यांना सांगितलं आणि पस्तावले. गुलमर्गला मी डावा पाय पुढे ठेवला होता, हे त्यांना पुरेसं नव्हतं. चार दिवस धक्का काकूंनी द्यायचा आणि नोंद काकांनी करायची, असं ठरलं. मी भांडी घासताना, फोनवर बोलताना, चपला घालताना काकू मागून येऊन ढकलायच्या आणि वर 'सॉरी गं बाई' म्हणायच्या. चारही दिवस डावाच पाय आला. काकूंना मजा येत होती, हे नंतर कळलं, कारण पाचव्या दिवशीही धक्का आला.

बाइंडिंग त्यांनी दोन भोकं मागे नेली. पुन्हा गिरणीत जाऊन तुसावर बघितलं, मग अर्धं बोट इकडे, पायाचा कोन थोडा तिकडे. बूट अडकवून पुढे चवडा आणि मागे टाच बोर्डाबाहेर सारखीच येते का ते मोजलं. नाकाच्या आणि शेपटाच्या टोकाच्या कडा त्यांनी कानशीने जरा बोथट केल्या, म्हणजे मऊ बर्फात उगाच धरणार नाहीत. बोर्ड नीट घसरावा म्हणून खालच्या बाजूला मेण लावलं, ते काकूंच्या जुन्या इस्त्रीने, आणि जादाचं खरवडून काढलं. आणि शेवटी आठ स्क्रू घट्ट करून आठ लाल रेघा ओढल्या. मला म्हणाले, तीन दिवस ह्यांना हात लावायचा नाही, काहीही होवो. तीन दिवसांनी खरं काय ते येऊन सांग.

त्या दुसऱ्या हिवाळ्यात मी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते.

पहिल्याच दिवशी बोर्ड चालेना. बर्फाला चिकटल्यासारखा. सगळे माझ्या पुढून सूं करून जायचे आणि मी एका पायाने ढकलत मागे. कारण साधं होतं, पण ते मला नंतर कळलं. मेणाच्या दोन वड्या आम्ही मागवल्या होत्या, एक मऊ आणि एक कडक. कडक मेण हैदराबादला खरवडताना टवके उडून निघत होतं, म्हणून काकांनी ते रिजेक्ट केलं आणि मऊ वापरलं. उणे बारा तापमानात मऊ मेण म्हणजे बर्फाचे कण रुतायला आयतीच जागा. थंडीचा माल त्यांनी आमच्या गच्चीवर तपासला होता.

माझ्या गटाला तेवढं पुरलं. बोर्डाचं नाव 'बरकतपुरा एक्स्प्रेस' पडलं. संध्याकाळी हॉटेलात एक जण म्हणाला की ज्याने बर्फ पाहिला नाही त्याच्या हातून बोर्ड बांधून आणणं म्हणजे कमाल आहे. मी हसले. हसले, हे सगळ्यात वाईट. त्याच रात्री स्क्रू काढले आणि बाइंडिंग पुढे, मधोमध आणून बसवली, सगळ्यांसारखी. रेघा अर्थातच तुटल्या. मी रेघा पुसल्या आणि गटातल्या मैत्रिणीची लाल नेलपॉलिश घेऊन आठ नव्या ओढल्या. दुसऱ्या दिवशी गाइडने खालच्या बाजूचं मेण खरवडून दुसरं लावून दिलं. बोर्ड छान पळाला, वर नेला, आणि ताज्या बर्फात पुन्हा नाकावर गेला. गाइडने मला पुन्हा उकरलं. पुन्हा खाली ठेवलं.

आणि हैदराबादला येऊन मी काकांना सांगितलं की मस्त चालला बोर्ड. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा उत्साह कशाला मोडायचा. आपण खोटं बोलतो तेव्हा नेहमी कोणाच्या तरी भल्यासाठीच बोलतो.

काकांनी बोर्ड गच्चीवर उन्हात नेला. फोमच्या गाद्या उचलल्या. बराच वेळ बघितलं. मग स्वतःचा डावा अंगठा त्या रेघेशेजारी धरला. हॉटेलच्या पिवळ्या दिव्यात दोन्ही लाल एकच वाटले होते. बरकतपुऱ्याच्या उन्हात माझी रेघ गुलाबीकडे झुकली होती.

"ही माझी रेघ नै," ते म्हणाले.

मी गादी परत बसवायला गेले.

"माझं चुकलं असंल तर चुकलं म्हन. मी चौतीस साल दुसऱ्यांच्या चुका काढल्या, मला राग नै येत. पन तू तपासलंच नै, आन वर माझी सही केलीस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी काकूंकडून कापूस मागवला, नेलपॉलिश काढायचं औषध आणलं आणि आठही रेघा एकेक करून पुसून टाकल्या. सावकाश, कोपरे सोडून न देता. मग बोर्ड माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "आता हा तुझा. माझं ह्याच्यावर काही नै."

मी खोलीत येऊन खूप रडले. घर सोडायला सांगितलं असतं तर इतकं लागलं नसतं. ते नंतरही पूर्वीसारखेच बोलत, चहाला बोलावत, पाणी आलं का विचारत. फक्त बोर्डाचा विषय काढत नसत. आणि मला पहिल्यांदाच असं वाटलं की मला वर जायचं आहे ते आता गटासाठी नाही, गाइडसाठी नाही. ह्या माणसाचं काम एकदा खरं तपासलं जायला हवं आणि ते मीच करायला हवं.

पंधरा दिवसांनी मी एक कागद लिहिला. सगळं. मेण चिकटलं ते, तापमान, लोक हसले ते, मीही हसले ते, स्क्रू किती पुढे नेले, किती वाजता कुठल्या वळणावर नाक बुडलं. मराठीत लिहिला, कारण त्यांना इंग्रजी रिपोर्ट आवडत नसे. इंग्रजीत चूक लपते, म्हणायचे. चहाच्या कपाखाली ठेवून वर निघून आले.

संध्याकाळी काकू वर आल्या, म्हणाल्या, बोलावतायत. काका वही उघडून बसले होते. पानाच्या वरती त्यांनी लिहिलं होतं, 'मेण. रिजेक्ट. चूक माझी.' त्याखाली तारीख आणि सही. माझ्या खोट्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला म्हणाले, बस, तुझा रिपोर्ट बराबर आहे. एवढा एकच रिपोर्ट आजपर्यंत त्यांनी परत पाठवला नव्हता, असं काकूंनी नंतर सांगितलं.

मग त्यांनी मेणाचा पिच्छा पुरवला. चार प्रकारची मेणं मागवली. हिमायतनगरच्या आइस्क्रीमवाल्याशी बोलून चारही तुकडे त्याच्या डीप फ्रीजरमध्ये कुल्फीशेजारी ठेवले, थर्मामीटरसकट. दुसऱ्या दिवशी जाऊन झाकणाशीच उभे राहून लाल नखाने एकेक खरवडून बघितला. जे मेण आमच्या घरी टवके उडवत होतं, ते तिथे एकटंच ताठ होतं. बाकीच्यांवर नखाची चर पडली. काका तिथेच गिऱ्हाइकांसमोर म्हणाले की हाच, आणि आइस्क्रीमवाल्याने विचारलं, कुठला फ्लेवर?

ते कडक मेण त्यांनी खरवडताना बोर्ड आधी कोमट करून घेतला, म्हणजे टवके उडाले नाहीत. बाइंडिंग पुन्हा दोन भोकं मागे. आठ नव्या रेघा. निघताना त्यांनी काही बजावलं नाही. पहिल्या वेळी तीन दिवस हात लावू नकोस म्हणाले होते. ह्या वेळी नुसतं दारात उभे राहिले.

तिसऱ्या हिवाळ्यात गाइडने बोर्ड हातात घेतला तेव्हा आधी त्या रेघा बघून हसला. मग त्याने बाइंडिंग कुठे बसवली आहे ते बघितलं, बोर्ड उलटा करून मेणावर नख ओढलं, नाकाच्या बोथट कडेवरून बोट फिरवलं. हसणं थांबलं.

"ये किसने बाँधा?"

मी सांगितलं, माझ्या घरमालकांनी. कुठले, तर हैदराबादचे.

"उन्होंने बर्फ़ देखी है?"

"नहीं. भूसा देखा है."

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मग वरच्या दिशेने हात केला. चला.

वरती आदल्या दिवशीपासून बर्फ पडत होता आणि सकाळी आकाश मोकळं झालं होतं. माझ्या पुढे कोणीच गेलेलं नव्हतं. मी पहिल्या वळणाशी आले, जिथे दोन वर्षं गाडली गेले होते तिथेच, आणि सवयीने मागच्या पायावर रेटायला गेले. गरजच नव्हती. नाक वर होतं. आपणहून वर होतं. शेपूट हलकेच खाली बसलं होतं आणि बोर्ड त्या बर्फावर तरंगत होता, आवाज न करता, आणि बर्फ दोन्ही बाजूंनी माझ्या गुडघ्यांपर्यंत उडत होता. मी वळले, परत वळले. मी मोठ्याने काहीतरी ओरडत होते, काय ते आठवत नाही. खाली पोहोचले आणि मागोमाग माझा गट येऊन उभा राहिला. 'बरकतपुरा एक्स्प्रेस' कोणी म्हणालं नाही. मीच म्हणाले, आणि छाती फुगवून म्हणाले.

गाइड सगळ्यात शेवटी आला. त्याने विचारलं की त्या साहेबांचा फोन नंबर मिळेल का. मी तिथेच फोन लावून दिला. मला वाटलं होतं दोन शब्द कौतुकाचे बोलेल. पण काकांनी त्यालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. वीस मिनिटं तो बर्फात उभा राहून त्यांच्या हैदराबादी दखनी बोलीला आपल्या उर्दूत उत्तरं देत होता, बर्फाचं वजन, थराची जाडी, सकाळचं तापमान. मध्येच त्याने विचारलं की त्याचा स्वतःचा बोर्ड किती मागे बांधावा, वजन ब्याऐंशी किलो. काकांनी काय सांगितलं मला ऐकू आलं नाही. पण त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःची बाइंडिंग एक भोक मागे घेतलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तो त्या डोंगरावर जन्मला होता.

मी एकही स्क्रू सैल केला नाही. सहा दिवस.

परत आले तेव्हा बोर्ड थेट गच्चीवर नेला. काका टाकीजवळ होते. त्यांनी चष्मा लावला, गाद्या उचलल्या, आठही रेघा बघितल्या. पहिली, दुसरी, तिसरी. प्रत्येकीशेजारी अंगठा धरून. सगळ्या अखंड होत्या, सगळ्या त्यांच्या होत्या. मी वाट बघत होते. मला वाटत होतं आज तरी 'पास' म्हणतील. मी त्याच एका शब्दासाठी दोन विमानं बदलून आले होते.

ते म्हणाले नाहीत. त्यांनी गाद्या परत बसवल्या, खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि माझ्यापुढे धरली. टाकीचं झाकण त्यांनी त्याच सकाळी साफ करून नव्याने घट्ट केलं होतं. त्यावर रेघ नव्हती.

"बघ आधी," ते म्हणाले. "घट्ट है का बघ. मंग ओढ."

मी झाकण दोन्ही हातांनी हलवून बघितलं. नट एकेक करून बघितले. मग रेघ ओढली. ती वाकडी गेली. त्यांनी कापूस काढला, पुसली. दुसरीही पुसली. तिसरी त्यांनी वाकून बराच वेळ बघितली, तिच्याशेजारी आपला अंगठा धरला, मग माझा धरला, आणि कापूस खिशात ठेवून दिला.

आता मी कुकटपल्लीला राहते, ऑफिस तिकडे गेलं म्हणून. महिन्यातून एकदा रविवारी बरकतपुऱ्यात जाते. काकूंचा चहा व्हायच्या आधी मी गच्चीवर जाऊन टाकी बघते, कारण काकांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. बाटली संपली की हिमायतनगरलाही मीच जाते आणि छटा माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखावर लावून बघते. त्यांना खाली येऊन नुसतं सांगायचं असतं, आणि माझं सांगणं ते पुन्हा तपासत नाहीत. ऑफिसात कोणीतरी परवा विचारलं, एकाच नखाला नेलपॉलिश, ही नवीन फॅशन का? मी डावा अंगठा जरा उन्हात धरला आणि म्हटलं, नाही, ही सही आहे.